कोळशाला किती दिवस लागतात?

चामराजपेट, बेंगळूर
मंगळवार, २ सप्टेंबर २०२५

प्रिय संयोगिता,

प्रभूच्या नावात सलाम.

पाकीट जाड लागेल, कारण सोबत पाठाची चार पानं आहेत. फोन करू नकोस, माझे कान आता पुरते गेले. डॉक्टरांनी दिलेलं यंत्र लावलं की अख्ख्या चामराजपेटचे हॉर्न ऐकू येतात, समोरचा माणूस तेवढा येत नाही. म्हणून घरात पाटी ठेवली आहे. येईल त्यानं तिच्यावर लिहावं, आणि न येणाऱ्यांनी पत्र पाठवावं. देवनहळ्ळी काही परदेशात नाही, पण तू येतेस कुठे!

आता कामाचं. २८ तारखेला आपल्या चर्चच्या मराठी मंडळीचा कुटुंब-रविवार आहे. रविवारच्या शब्बाथशाळेची मुलं आणि मोठी माणसं एकत्र बसणार आणि पाठ मी द्यायचा आहे. विषय निर्मितीतली देवाची कारागिरी, आणि उदाहरण हिऱ्याचं. देवानं जमिनीच्या पोटात काळा कोळसा ठेवला. त्यावर डोंगराचा भार घातला, खालून आग लावली. कोळशानं कुरकुर न करता सोसलं आणि त्याचा हिरा झाला. संसारातल्या माणसानंही असंच सोसावं. मुलांना कोळशाचा खडा हातात देणार आहे, आणि शेवटी तुझ्या काकूच्या मागे राहिलेल्या अंगठीतला हिरा दाखवणार आहे.

तू दगडांची डॉक्टर. माझ्या भावाची मुलगी एवढी शिकली याचा उपयोग कधीतरी मंडळीला होऊ दे. तुझी ती अब्जावधी वर्षं बाजूला ठेव आणि बाकी काही चुकलं असेल तर लाल शाईनं खूण कर. विमान कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. केसाएवढा तडा दिसला तरी मी पुर्जा परत पाठवायचो. माझ्याच पाठात तडा नको.

आणखी आनंदाची गोष्ट. पाठ झाल्यावर आपली प्रांजली सगळ्यांसमोर साक्ष देणार आहे. चार वर्षांच्या संसारात देवानं तिला कसं घडवलं ते सांगेल. कल्पना जावईबापूंची, अभिराजची. पोरगा खरंच गुणी आहे.

तुझा काका,
विश्वासराव


देवनहळ्ळी
शनिवार, ६ सप्टेंबर

प्रिय विश्वासकाका,

सलाम. पाठ दोनदा वाचला. भाषा नेहमीसारखी तुमचीच, खणखणीत. पण लाल शाई जरा जास्त लागली आहे, रागावू नका.

कोळशाचा हिरा होत नाही, काका. ही गोष्ट पुष्कळ व्यासपीठांवरून सांगतात आणि ऐकायला बरी वाटते, पण ती खरी नाही. कोळसा झाडांचा होतो आणि तो जमिनीच्या वरच्या थरात असतो. हिरा दीडशे-दोनशे किलोमीटर खाली तयार होतो, आणि बहुतेक हिरे पृथ्वीवर पहिलं झाड उगवलं त्याच्याही फार आधीचे आहेत. दोघांत कार्बन आहे हे खरं. तेवढ्यावरून त्यांचं नातं जुळवायचं तर तुमच्या हातातली पेन्सिलही त्यांची भावकी लागते.

दुसरं, पाठ हिरा तयार झाला की संपतो. तो वर कसा आला याबद्दल एक ओळही नाही. माझं सगळं काम तर त्या वर येण्यावर आहे. आंध्रातल्या वज्रकरूरला, हिऱ्यांच्या खडकांत, आम्ही दरवर्षी जातो ते त्याच वाटा शोधायला. सवडीनं लिहीन.

आता माझा प्रश्न. प्रांजलीनं साक्ष द्यायला स्वतः होकार दिला आहे का? म्हणजे तुमच्या पाटीवर, तिच्या हातानं लिहून? आणि देवानं तिला घडवलं म्हणजे कशातून घडवलं? तिला काही त्रास होता का? तुम्हाला काय माहीत आहे, काका?

तुमची,
संयोगिता


चामराजपेट
बुधवार, १० सप्टेंबर

प्रिय संयोगिता,

सलाम. मी पुर्ज्याचा एक आटा तपासायला दिला, तू अख्खं विमानच मोडीत काढलंस.

झाडं आधी की हिरे आधी, हे तू कोणाला सांगतेस? देवानं तिसऱ्या दिवशी झाडं उगववली, आणि सहाव्या दिवसापर्यंत सगळं आटोपलं. ज्याच्या एका शब्दानं उजेड झाला, त्याला हिरा करायला अब्जावधी वर्षं कशाला लागतील? आणि तुमचेच लोक आता यंत्रात दोन-तीन आठवड्यांत हिरा वाढवतात, पेपरात फोटो होता. माणसाला जे तीन आठवड्यांत जमतं ते देवाला एका दिवसात जमलं नसेल? याचं उत्तर दे. तू लहान असताना शब्बाथशाळेच्या पहिल्या बाकावर बसून अशीच हुज्जत घालायचीस. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं, आता त्रास होतो हे खरं सांगतो.

कोळसा राहणार. माझ्या वडिलांनी हेच उदाहरण दिलं होतं आणि त्यांनाही ते एका मिशनरी बाईंनी सांगितलं होतं.

प्रांजलीचं म्हणशील तर कोणाच्या घरात कुरबुर नसते? जूनमध्ये ती एकदा इथे येऊन गेली. मी प्रार्थना केली, दोन शब्द सांगितले, विषय संपला. तेव्हापासून दर आठवड्याला तिची चिठ्ठी येते. परवाची आली ती अशी: ‘बाबा, मी बरी आहे. काळजी नसावी. अभिराज मला खूप जपतात. साक्षीची तयारी झाली आहे.’ अक्षर मात्र पार बिघडलं आहे. पहिलीतल्या पोरासारखं काढलं आहे. हल्ली लिहायची सवयच कोणाला राहिली नाही.

तिची साक्ष अभिराजनं टाइप करून आणून दिली. दोन पानं आहेत आणि सुंदर आहेत. तिला फक्त वाचायचं आहे.

तुझा काका,
विश्वासराव


देवनहळ्ळी
शनिवार, १३ सप्टेंबर

प्रिय काका,

सलाम. तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण प्रश्न चांगला आहे. यंत्रात हिरा तीन आठवड्यांत वाढतो हे अगदी खरं. म्हणूनच हिऱ्याचं वय आम्ही तो किती भरभर वाढला यावरून ठरवत नाही. कधीकधी हिरा तयार होताना त्याच्या पोटात दुसऱ्या खनिजाचा बारीकसा कण अडकतो. दागिन्यांचे व्यापारी त्याला डाग म्हणतात आणि भाव पाडतात. आम्ही मात्र तोच हिरा उचलतो, कारण खाली काय घडलं आणि कधी घडलं हे सांगणारा तेवढा एकच साक्षीदार आमच्याकडे असतो. ज्याच्यात डाग नाही तो हिरा आम्हाला काहीच सांगत नाही. देवानं हे केलं नाही असं मी कधी म्हटलेलं नाही. त्यानं घाई केली नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि आता अर्धवट राहिलेला भाग. खालच्या दाबात हिरा सुखरूप असतो. पण तो वर येताना रेंगाळला, तापलेला असतानाच दाब उतरत गेला, तर तो हिरा राहत नाही. त्याचं ग्राफाइट होतं, म्हणजे पेन्सिलीत असतं ते काळं शिसं. आपल्याला जे हिरे मिळतात ते जमिनीच्या पोटातून काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत वर फेकले गेले म्हणून वाचले. दाबानं हिरा घडतो हे तुमचं बरोबर आहे. पण तो वाचतो लवकर बाहेर पडल्यामुळे. पाठात हे घालणार नसाल तर पाठ देऊ नका.

मी गुरुवारी महादेवपुऱ्याला प्रांजलीकडे जाऊन आले. दार अभिराजनं उघडलं, आणि मी निघेपर्यंत तो एकदाही सोफ्यावरून उठला नाही. मी तिला विचारलं की उत्तर तो द्यायचा. एवढ्या उकाड्यात तिनं मनगटापर्यंत बाह्यांचा कुडता घातला होता. चहा तिनं डाव्या हातानं ओतला. काका, प्रांजली डावरी नाही. ते पहिलीतल्या पोराचं अक्षर पुन्हा एकदा काढून बघा.

जूनमध्ये ती आली तेव्हा तिच्या हाताकडे पाहिलं होतं का तुम्ही?

संयोगिता


चामराजपेट
मंगळवार, १६ सप्टेंबर

संयोगिता,

तुझं पत्र वाचून मी टेबलावर आपटलं. रागानं.

मी पाठ तपासायला दिला होता, माझ्या मुलीचा संसार नाही. बाह्या लांब आहेत, चहा डाव्या हातानं ओतला! एवढ्यावरून तू एका देवभीरू मुलावर संशय घेतेस? तोच मुलगा दर रविवारी मला उपासनेला घेऊन जातो आणि उपदेश पाटीवर उतरवून दाखवतो. स्वतःची मुलं एवढं करत नाहीत.

मी लपवाछपवी करणारा माणूस नाही, म्हणून तुझं पत्र त्यालाच वाचायला दिलं. तो चिडला नाही, उलट हसला. पाटीवर त्यानं लिहिलं, ‘ताई एकट्या राहतात ना, त्यांना असं दिसणारच.’ मला त्याचं म्हणणं पटलं. स्पष्टच लिहितो. तू तुझं लग्न तीन वर्षांत मोडून मोकळी झालीस. स्वतःला सोसता आलं नाही म्हणून दुसऱ्यानंही सोसू नये, असं तुला वाटतं. माझ्या मुलीला सोसता येतं.

हो, जूनमध्ये ती पिशवी घेऊन आली होती. पिशवी मी दारातच ठेवायला सांगितली. मी तिला प्रेमानंच समजावलं, आणि जे २८ तारखेला सांगणार आहे तेच तेव्हा सांगितलं. तिनं ऐकलं, मान हलवली आणि गेली. तुझ्यासारखी हुज्जत घातली नाही. देव वाट पाहायला लावतो, संयोगिता. तो तुझ्या ज्वालामुखीसारखा कोणाला तासाभरात बाहेर फेकत नाही.

पाठ आहे तसाच होईल. पुढचं पत्र पाठवायचं असेल तर क्षमा मागण्यासाठी पाठव.

विश्वासराव


देवनहळ्ळी
शुक्रवार, १९ सप्टेंबर

काका,

क्षमा मागायलाच लिहिते आहे. पण तुमची नव्हे, प्रांजलीची. तिला दिलेला शब्द मी आज मोडते आहे.

जूनमध्ये तुम्ही तिला परत पाठवलंत तेव्हा ती लगेच घरी गेली नाही. मार्केटच्या बसस्टँडवरून तिनं मला फोन केला. मी त्या दिवशी कामासाठी शहरातच होते, अर्ध्या तासात पोचले. ती बाकावर बसली होती, पिशवी मांडीवर आणि ओढणीखाली उजवा हात. मनगट सुजून दुप्पट झालं होतं. आधी म्हणाली बाथरूममध्ये पडले. मग म्हणाली, दारात बोटं होती आणि अभिराजनं दार लावलं, मी हात ओढला तेव्हा त्यानं मनगट धरून पिरगळलं. तिची नोकरीही त्यानंच सोडायला लावली होती आणि तिचा फोन रोज संध्याकाळी तपासायचा. हे सगळं ती हवापाण्याचं बोलावं तसं सांगत होती.

नंतर तिनं मला विचारलं, ‘ताई, बाबा म्हणाले दाब सोसला की कोळशाचा हिरा होतो. तू यातलीच आहेस ना? मग सांग, कोळशाला किती दिवस लागतात गं?’

काका, मी हसले. म्हटलं, अगं वेडे, कोळशाचा हिरा कधीच होत नाही. आणि मी तिला सगळं समजावून सांगितलं. किती किलोमीटर, किती तापमान, झाडं कधी आली. सगळं अगदी बरोबर सांगितलं. मग महादेवपुऱ्याची बस आली. ती म्हणाली, बाबांना सांगू नकोस, ते भोळेपणानं अभिराजलाच विचारतील आणि मग माझं काही खरं नाही. मी शब्द दिला आणि तिची पिशवी मीच वर चढवून दिली. मी तिला माझ्या घरी ये म्हणाले नाही. त्या क्षणी मला ते सुचलंच नाही. तुम्ही तिला चुकीचं सांगून परत पाठवलंत, मी बरोबर सांगून पाठवलं. तीन महिने मला त्या बसचं मागचं दार दिसतं आहे.

तिचं प्लास्टर त्यानं तीन आठवड्यांत काढायला लावलं, लोक विचारतात म्हणून. हे मला तिनं ऑगस्टमध्ये सांगितलं. आणि तुम्ही नेमकं तेच केलंत ज्याची तिला भीती होती. पत्र त्याला दाखवलंत. मंगळवारपासून तिचा फोन बंद आहे. मी काल गेले होते, तर गेटवरच्या माणसानं सांगितलं की या मॅडमना वर सोडायचं नाही असं साहेबांनी सांगून ठेवलं आहे. मी आत जाऊ शकत नाही. पोलिसांत जाईन, पण त्याच्यासमोर विचारलं तर ती ‘मी बरी आहे’ असंच सांगेल. तुमच्यासाठी मात्र ते गेट उघडतं.

माझ्या लग्नाबद्दल लिहिलंत ते मला लागलं. त्यावर नंतर बोलू.

हे पत्र स्पीड पोस्टनं सोमवारी मिळेल. तिथून रविवारपर्यंत सहा दिवस उरतात. तुमच्या श्रद्धेप्रमाणे देवानं सहा दिवसांत सगळं जग केलं, आणि त्यावर मी या जन्मात तुमच्याशी पुन्हा वाद घालणार नाही. तुम्हाला फक्त महादेवपुऱ्यापर्यंत जायचं आहे.

संयोगिता


चामराजपेट
सोमवार, २९ सप्टेंबर

प्रिय संयोगिता,

प्रभूच्या नावात तुला सलाम. प्रांजलीनं तुला फोनवर थोडं सांगितलं आहे. पण माझ्या हातून लिहिलं जाणं गरजेचं आहे, म्हणून लिहितो.

तुझं पत्र गेल्या सोमवारी अकरा वाजता आलं. एकदाच वाचलं. ‘कोळशाला किती दिवस लागतात’ या ओळीच्या पुढचं मला नीट दिसेना. मी पाटी उचलली आणि शेजारच्या देवाप्पाच्या ऑटोत जाऊन बसलो. त्याचं जेवण व्हायचं होतं, पण माझं तोंड बघून त्यानं डबा बाजूला ठेवला.

दार अभिराजनं उघडलं. तो हसला, बोलू लागला, खूप बोलला. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. त्याचं बोलणं मला ऐकू येत असतं तर मी चहा पिऊन परत आलो असतो, एवढं मी स्वतःला ओळखतो. ऐकू येत नव्हतं म्हणून मी बघत राहिलो. प्रांजली आतून आली ती माझ्याकडे येण्याआधी त्याच्याकडे बघून. मी तिचा उजवा हात धरला आणि बाही वर सरकवली. एकतीस वर्षं मी पुर्ज्यांवरून अंगठा फिरवून तडे शोधले आहेत. तिचं मनगट वाकडं जुळलं आहे. वर नव्या चार बोटांच्या खुणा होत्या. त्या तुझं पत्र मी त्याला दाखवलं त्या दिवसाच्या, हे तिनं मला नंतर सांगितलं. माझ्या कृतीच्या खुणा आहेत त्या. मी हे लिहितो आहे आणि मला स्वतःची लाज वाटते आहे.

मी पाटीवर लिहिलं, ‘कोळशाचा हिरा होत नाही. मी चुकीचं शिकवलं. घरी चल.’ अभिराजनं पाटी घेतली आणि तळव्यानं पुसून टाकली. मी पुन्हा लिहिलं. त्यानं पुन्हा पुसलं, हसतच. तिसऱ्यांदा मी लिहायला घेतलं तेव्हा प्रांजलीनं माझ्या हातातून खडू घेतला आणि डाव्या हातानं एकच शब्द लिहिला, ‘आत्ता?’ मी मान हलवली. तो दारात आडवा उभा राहिला. मागून देवाप्पा जिना चढून वर आला होता. तो काय म्हणाला ते मला प्रांजलीनं ऑटोत लिहून दाखवलं. ‘बन्नी अक्का, या, ऑटो सुरूच आहे.’ परक्या माणसासमोर अभिराजला बाजूला व्हावं लागलं. ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली, पायात घरातल्या चपला. टिन फॅक्टरीच्या चौकात तासभर अडकलो, तेव्हा ती सारखी मागच्या काचेतून बघत होती. घरातून निघाल्यापासून घरी परत येईपर्यंत चार तास लागले. तुझे हिरे एवढ्याच वेळात वर येतात ना?

काल कुटुंब-रविवार झाला. अभिराज पहिल्या रांगेत बसला होता. मी मुलांना कोळसा दाखवला आणि म्हणालो, याचा हिरा होतो असं मी तुम्हाला वीस वर्षं शिकवलं. ते खोटं आहे. मग म्हणालो, आज साक्ष माझी आहे. आणि जूनमधली पिशवी, दार, पाटी, सगळं सांगितलं. चार-पाच कुटुंबं उठून गेली. उपासनेनंतर चर्चच्या वडीलमंडळींनी माझ्याकडून शब्बाथशाळेच्या कपाटाची किल्ली मागून घेतली. घरातलं व्यासपीठावर आणायचं नसतं, असं एकानं पाटीवर लिहिलं. जावयानं टाइप केलेलं आणलेलं चालत होतं, असं मी खाली लिहिलं आणि किल्ली दिली. वाईट वाटलं. त्या कपाटात माझी वीस वर्षं आहेत.

जग सहा दिवसांत झालं यावरून मी हटलेलो नाही, हे तू समजून अस. पण तुझं एक वाक्य मी पाठाच्या वहीत उतरवून घेतलं आहे, त्या डागाचं. तुझ्या लग्नाबद्दल मी जे लिहिलं ते पान जाळून टाक. तू तेव्हा बाहेर पडलीस आणि आम्ही कोणीच तुला ये म्हणालो नाही, हे मला आता कळतं. उद्या हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे, मनगटाचं ऑपरेशन करावं लागेल म्हणतात. नंतर वकीलबाईंकडे. पत्र पोचायच्या आत प्रांजली तुला फोन करेलच, पण मीही बोलावतो आहे. दोन्हीकडे तू बरोबर ये.

अभिराज रोज येतो आणि बेल वाजवतो. मला ऐकू येत नाही. प्रांजलीला येते, आणि ती जिथे असेल तिथे थांबते. तो गेला की पुन्हा कामाला लागते. काल उपासनेहून आल्यावर तिनं पाटीवर लिहिलं, ‘बाबा, मी किती दिवस राहू?’

मी उठलो, कपाटातले माझे कपडे काढून पलंगाखालच्या पेटीत टाकले आणि वरचे दोन कप्पे रिकामे केले. मग जूनपासून दाराजवळच्या खुंटीवर या घराची एक किल्ली होती, तिची, ती जाताना ठेवून गेली होती. ती काढून तिच्या हातात दिली. डाव्या हातात दिली, उजवा अजून मिटत नाही.

तुझा काका,
विश्वासराव